वेहाचा वेगा: मधलं नाव सुटलं, 'ह' अजून अडलेला

मंडळी, आधी गोड बातमी. अठराव्या शतकातला स्लोव्हेन गणिती युरी बार्तोलोमेय वेगा याच्या मधल्या नावाचं कोडं सुटलं! ज्या बार्तोलोमेयला मी दोन महिने धर्मपिता म्हणून, मामा म्हणून, चुलता म्हणून शोधत होतो, तो घरातच बसला होता.

मागच्या नोंदीत या गणितीच्या नावाची सगळी रूपं एकाखाली एक मांडली होती. जर्मन गेओर्ग फॉन वेगा, स्लोव्हेन युरी वेगा, जुनं आडनाव वेहा, आणि लॅटिन 'गेओर्गिउस बार्थोलोमेई वेखा'. लॅटिन रूप वहीत चार वेळा उतरवलं होतं आणि चारही वेळा ओळखीचं म्हणून नजर पुढे सरकली होती. रविवारी रात्री पाचव्यांदा लिहिताना पेन थांबलं. पहिल्या नावाचा शेवट 'उस', दुसऱ्याचा मात्र 'ई'. गेओर्गिउस प्रथमेत आहे आणि बार्थोलोमेई षष्ठीत. 'रामः' आणि 'रामस्य' यांच्यात जो फरक, तोच इथे. म्हणजे हे जोडनाव नाहीच. हा 'बार्थोलोमेउस वेखाचा गेओर्ग' आहे.

आणि वडिलांचं नाव? येर्नेई वेहा, झागोरित्साचा शेतकरी, मुलगा सहा वर्षांचा असताना गेलेला. येर्नेई हे बार्थोलोमेउसचंच स्लोव्हेन रूप. खात्री करायची तर व्याकरणकार येर्नेई कोपितारकडे बघा, जर्मनमध्ये तो बार्थोलोमेउस कोपितार होतो. तेव्हा माझ्या मते 'बार्तोलोमेय' हे युरीचं दुसरं नाव नव्हे, ते बापाचं नाव आहे. षष्ठीचा प्रत्यय कुणाच्या तरी हातून गळला आणि बापाचं नाव मुलाच्या नावात गोठलं. हे कळायला आपल्याला वेळ लागायला नको होता. आपण स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं शाळेच्या दाखल्यापासून लिहीत आलो आहोत, आणि परदेशी गेलं की तिथला कारकून वडिलांचं नाव आपलंच दुसरं नाव समजतो. रात्री साडेबाराला मी एकटाच टाळी वाजवली. वंशपटातला धर्मपित्याचा प्रश्नचिन्हवाला चौकोन खोडताना जे बरं वाटलं, ते याच नादातल्या माणसांना कळेल.

आता दुसरी बातमी. मागच्या वेळी मी आडनावातल्या 'ह' आणि 'ग'चा जो उलगडा मोठ्या खात्रीने मांडला होता, तो कोसळला.

थोडी उजळणी. हा मुलगा १७५४ साली ल्युब्ल्यानाच्या पूर्वेला झागोरित्सा नावाच्या खेड्यात जन्मला, मोराव्चेच्या शाळेत शिकला, मग ल्युब्ल्यानात. १७८० साली सैन्यात गेला, व्हिएन्नात तोफखान्याच्या लोकांना गणित शिकवू लागला, आणि त्याच सुमाराला वेहाऐवजी वेगा अशी सही करू लागला. १७८२ साली गणिताच्या व्याख्यानांचा पहिला खंड आणि १७८३ साली लॉगॅरिदमची कोष्टकं छापून आली, ती वेगा याच नावाने. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला लॉग टेबलचं चोपडं घेऊन बसलेल्या आपल्यासारख्यांनी या माणसाच्या आडनावाचा छडा लावावा, हे मला पहिल्या दिवसापासून मनापासून वाटत आलं आहे.

माझा जुना सिद्धान्त बोलीवर उभा होता. स्लोव्हेनियाच्या गोरेन्स्का भागातल्या बोलीत शब्दाच्या शेवटी 'ग' आला की त्याचा 'ह' होतो, घशात घासून काढलेला. बर्फाला प्रमाण भाषेत 'स्नेग' लिहितात, बोलीत तो 'स्नेह' ऐकू येतो. देवाला 'बोग' लिहितात आणि 'बोह' म्हणतात, तेही अगदी प्रमाण भाषेत. तेव्हा मी तर्क केला की मूळ आडनावात 'ग'च होता, गावात त्याचा 'ह' झाला, आणि शिकलेल्या युरीने तो परत 'ग' केला. तीन आठवडे मी यासाठी उदाहरणं गोळा केली. सत्तावीस झाली. अठ्ठाविसावं लिहिताना लक्षात आलं की सगळ्या सत्तावीस शब्दांत तो 'ग' शेवटी आहे. 'वेहा'तला 'ह' शेवटी कुठे आहे? तो 'ए' आणि 'आ' या दोन स्वरांच्या मध्ये आहे. तिथे हा नियम लागत नाही. लॅटिन 'वेखा'च्या स्पेलिंगमधलं 'सीएच'सुद्धा माझ्या विरोधात उभं राहिलं. लॅटिन आणि जर्मन लिहिणारे तो घासलेला 'ह' 'सीएच'नेच दाखवत. म्हणजे आडनावात बापापासून 'ह'च होता आणि 'ग' मागाहून आला. ती सत्तावीस कार्डं आता खोक्यात गेली आहेत. दोन दिवस वहीला हात लावला नाही.

लिपीबदलाची वाटही तपासून बंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्लोव्हेन लिहायला बोहोरिचित्सा ही वर्णमाला वापरत, मग आजची गायित्सा आली. जुन्या पद्धतीत 'एस' म्हणजे 'झ', 'झेड' म्हणजे 'त्स', 'झेडएच' म्हणजे 'च'. कितीतरी आडनावांचा गोंधळ इथेच सुटतो, आणि आपल्या यादीतली निम्मी अडलेली नावं त्यानेच सुटली आहेत. पण 'व', 'ए', 'ह', 'आ' या चारांपैकी एकालाही त्या बदलाने धक्का लागत नाही. शिवाय वेगा त्या बदलाच्या कितीतरी आधी, १८०२ साली, डॅन्यूबमध्ये बुडून गेला.

मग तारा. आपला अभिजित, त्यांचा वेगा. गणिताच्या माणसाने उत्तरेकडचा सगळ्यात ठळक ताऱ्यांपैकी एक उचलून स्वतःला लावला, ही कल्पना फार मोहक आहे आणि मीही तिच्या मोहात होतो. परवा जर्मन आकाशनकाशा उघडला तेव्हा दिसलं की जर्मनमध्ये हा तारा 'डब्ल्यू'ने लिहितात. व्हिएन्नात राहणाऱ्या माणसाला ताराच व्हायचं असतं, तर त्याने 'डब्ल्यू' घेतला असता. त्याने मात्र घरचा 'व्ही' तसाच ठेवला. चार अक्षरांतली तीन जागची जागी, बदललं फक्त 'एच'. तारा मी बाजूला ठेवतो आहे.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली, म्हणून या नोंदीचा पुढचा भाग ठरवल्यापेक्षा वेगळा होणार. प्रश्न इतके दिवस मी गावाकडून विचारत होतो. तो व्हिएन्नाकडून विचारायला हवा. जर्मनमध्ये दोन स्वरांमधलं 'एच' बऱ्याचदा बोलत नाहीत. 'सेहेन' लिहितात आणि 'झेएन' म्हणतात, 'गेहेन' लिहितात आणि 'गेएन' म्हणतात. वर्गात, हजेरीला, पगाराच्या पत्रकावर एखाद्या जर्मन अधिकाऱ्याने 'व्ही-ई-एच-ए' वाचलं, तर त्याच्या तोंडून काय निघेल? 'वेआ', किंवा 'व्ही'चा 'फ' करून 'फेआ'. मधलं व्यंजन गायब! ज्याचं आडनाव रोज असं पोकळ होऊन कानावर पडतं, तो काय करील? 'सीएच' घालून बघेल, पण 'ए'नंतर जर्मन माणूस तो मऊ करून टाकतो, गावचा खरखरीत 'ह' येतच नाही. मग घशाच्या त्याच भागातलं, कुणालाही वाचता येईल असं व्यंजन उरतं ते 'ग'. आडनावाचा कणा टिकतो.

मला हे पटतं ते आणखी एका कारणाने. हा अक्षराच्या बाबतीत निष्काळजी माणूस नव्हता. १७८९ साली त्याने पाय (π) या संख्येची १४० दशांश स्थानं काढली, त्यातली पहिली १२६ बरोबर आहेत, आणि ते करताना आधीच्या फ्रेंच गणिती दे लान्यीच्या आकड्यांतली ११३व्या स्थानाची चूक पकडली. १७९४च्या लॉगॅरिदमच्या मोठ्या, दहा अंकी कोष्टकांत चूक दाखवणाऱ्याला त्याने एक डुकाट सोन्याचं नाणं देऊ केलं होतं. अशा माणसाने स्वतःच्या नावातलं अक्षर बदललं ते विचार करूनच. स्लोव्हेनियाची पन्नास तोलारची जुनी नोट माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, युरोच्या आधीची. तिच्यावरचा चेहरा रोज समोर असतो आणि हल्ली त्याच्याकडे बघताना मला तो पहिला हजेरीचा वर्ग दिसतो.

आता अर्थाचं. फ्रानवर बसलो होतो. स्लोव्हेन कोशांचं हे संकेतस्थळ फुकट आहे, झटपट चालतं, आणि जुने-नवे कोश एका शोधात शेजारी शेजारी ठेवतं. आडनावांच्या नादातल्या प्रत्येकाने आधी इथे यावं. प्लेतेर्श्निकचा १८९४-९५चा स्लोव्हेन-जर्मन कोशही त्यात आहे. 'वेहा' म्हणजे पिंपाच्या पोटावरचं भरायचं भोक आणि त्यात ठोकायचं बूच. आडवं ठेवलेलं लाकडी पिंप डोळ्यांसमोर आणा. वरच्या फुगीर फळीला भोक, त्यात लाकडाचा दट्ट्या, कडेने दारू झिरपू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली, हातोडीचे दोन ठोके. दारूची पिंपं असलेल्या मुलखात ही रोजची वस्तू. दुसरीकडे याच कुळातला पोलिश 'व्येखा' म्हणजे नवं घर छपरापर्यंत आलं की वर बांधतात तो फांद्यांचा झुबका, आणि रशियन 'व्येखा' म्हणजे वाटेवर खुणेसाठी रोवलेली काठी. जुडी, झुबका, खूण, आणि चिंधी गुंडाळलेलं बूच: माझ्या मते अर्थ याच वाटेने सरकला. आडनावाला मी बुचाच्या बाजूने कौल देतो, कारण स्लोव्हेनमध्ये हाताशी असलेला अर्थ तो आहे. पिंपं करणाऱ्याला किंवा बुटक्या, ठेंगण्या माणसाला गावाने ठेवलेलं नाव म्हणून ते चपखल बसतं. आपल्याकडचे टकले, पोटे, वाकडे याच रस्त्याने आले. वेहोवेत्स आणि वेहोवार ही आडनावं आजही स्लोव्हेनियात आहेत, आणि त्यांना प्रत्यय लागलेले बघून हाच शब्द त्यांच्याही मुळाशी असावा असं मला वाटतं.

संख्येबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचं आडनावांचं साधन छान आहे, पण त्याची एक अट लक्षात ठेवा. पाचपेक्षा कमी माणसांचं आडनाव ते दाखवतच नाही, गोपनीयतेसाठी. नोवाक टाकलं की ११ हजारांच्या आसपास आकडा येतो. साधारण २१ लाखांच्या देशात म्हणजे दर दोनशे माणसांमागे जवळपास एक. दुर्मीळ आडनावाला मात्र रिकामी जागा येते, आणि ती रिकामी जागा चार जिवंत माणसांचीही असू शकते किंवा पूर्ण संपलेल्या घराण्याचीही. तेव्हा रिकाम्या जागेवरून कुणाचं आडनाव 'संपलं' असं वहीत लिहू नका. ते '० ते ४' असंच लिहा. 'वेगा'चा तर वेगळाच पेच. हे स्पॅनिश आडनावही आहे, त्यामुळे जगातल्या वेगांची मोजदाद झागोरित्साबद्दल काहीच सांगत नाही. पैसे भरून घेतलेल्या एका वंशावळीच्या संकेतस्थळाने मला वेखाच्या शोधात मेक्सिकोतले वेगा पानोपानी दाखवले आणि हस्तलिखितातला 'व्ही' 'बी' वाचून एक बेखा घराणंही उभं केलं. वर्गणी मी पुन्हा भरणार नाही. त्यापेक्षा मात्रिकुला या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदवहीची पानं स्वतः उलटणं बरं. डोळे दुखतात, पण चूक आपली असते.

शिवाय माणसांबरोबर घरंही मोजायला हवीत. स्लोव्हेन खेड्यात घराला स्वतःचं नाव असतं, आणि आडनाव बदललं तरी ते चिकटून राहतं. स्लोव्हेन कवी प्रेशेरेनचं व्र्बा गावातलं घर 'प्री रिबिचू', म्हणजे कोळ्याकडे, म्हणून ओळखलं जातं आणि राहणारे प्रेशेरेन. जावई घरजावई झाला, आडनाव गेलं, तरी गाव घराला जुन्याच नावाने हाक मारतं. वेहा हे नाव माणसांच्या यादीत नाही मिळालं, तरी घरांच्या यादीत मिळू शकतं. हेही मला आत्ता लिहितानाच सुचलं आणि पुढचा महिना मी याच कामाला देणार आहे.

स्लोव्हेन आडनावांचा १९७४चा तात्पुरता कोश अखेर आला. विकणाऱ्याने तो नुसत्या ब्राउन पेपरात गुंडाळून पाठवला, पाठीचा कणा तडकला आहे, पण पानं शाबूत आहेत. आधी डिंक लावून तो दाबून ठेवतो. मग वेहा, वेहोवेत्स आणि वेहोवार यांची पानं आजच्या यादीशेजारी मांडेन. सहीचं काम समांतर चालू राहील: १७७५ साली तो ल्युब्ल्यानातून शिकून बाहेर पडला तेव्हापासून १७८२पर्यंतच्या सात वर्षांत जिथे जिथे त्याचं नाव हाताने लिहिलेलं आहे, तिथे 'एच' कुठे थांबतं आणि 'जी' कुठे सुरू होतं ते बघायचं. कुणाकडे व्हिएन्नाच्या लष्करी कागदांच्या प्रती असतील तर कळवा. टपालखर्च माझा.