एक चिंचोका, दोन रांगा

परवा दुपारी भाची कंटाळून भुणभुण करायला लागली म्हणून चिंचोक्यांचा डबा काढला. अष्टाचंग्यासाठी फोडलेले बाजूला केले आणि दहा अख्खे तिच्यापुढे ठेवले. "पाच रांगा कर. प्रत्येकीत चार."

"मामा, वीस लागतात." चारचा पाढा नुकताच पाठ झालाय. आजोबांनी मला हे घातलं तेव्हा मीही याच पाढ्याला अडून बसलो होतो. चूक पाढ्याची नाही, शाळेतल्या प्रार्थनेची. एक मूल, एक रांग.

"एकच चिंचोका दोन रांगांत उभा राहिला तर?"

"असं कुठे असतं?"

"तुझी आजी राहायची." रॉकेलच्या रांगेत डबा, रेशनच्या रांगेत पिशवी, पिशवीत दगड. आई दोन्हींच्या मध्ये, मान सारखी इकडून तिकडे. डबा सांभाळायला मी.

भाचीला रॉकेल कळलं नाही, आजी कळली. तिने वही ओढली आणि पेन न उचलता चांदणी काढली. आधी ठिपके, मग रेघा हा आपल्या रांगोळीचा रिवाज. हिने आधी रेघा मारल्या आणि जिथे दोन भेटल्या तिथे चिंचोका ठेवला. पाच टोकं, पाच छेद. झाले दहा.

मी टाळ्या वाजवेपर्यंत एक कपाटाखाली गेला. उरले नऊ. मग त्यांचंही कोडं आहेच : दहा रांगा, प्रत्येकीत तीन. 1821 मध्ये लंडनच्या कुणा जॉन जॅक्सनने झाडं लावायच्या निमित्ताने ते चक्क पद्यात छापलं होतं. तीन बाय तीनचा चौकोन मांडला की आडव्या, उभ्या, तिरप्या धरून आठच रांगा होतात. मधल्या ओळीची दोन टोकं मध्याकडे अर्ध्यावर सरकवायची. चौकोनाच्या दोन बाजू मोडतात, चार नव्या तिरप्या रांगा मिळतात. हे मी तिला दाखवून टाकलं. दाखवायला नको होतं, पण मामालाही हौस असते.

तिने मन लावून सगळ्या दहा मोजल्या. मग म्हणाली, "आजीचे पाय दुखायचे का रे?"

डब्यावर बसून मी बोरं खायचो. आईकडे बघितल्याचं काही आठवत नाही.