कमरेला कोयता असताना सुरी केवढी हवी?

घडीचा चाकू मी कायमचा बाजूला ठेवला तो एका ओल्या ऑगस्टमध्ये, राजमाचीच्या वाटेवर उधेवाडीच्या अलीकडे दोरी कापत असताना. सांध्यात चिखल गेल्यामुळे खटका पुरता बसला नव्हता आणि जोर लावताच पाते तर्जनीवर मिटले. दोन टाक्यांवर निभावले. परंतु त्यानंतर मी एकसंध पात्याच्या, म्हणजे मिटण्याची सोयच नसलेल्या सुरीच्या शोधाला लागलो.

पहिल्या खरेदीत मी मोठी सुरी घेतली. सात इंची पाते, जवळजवळ पाच मिलिमीटर जाडी, पाठीवर करवतीचे दाते. मुक्कामावर तिने कांदा कापायला घेतला, तर तो चिरला न जाता मधोमध फाटू लागला आणि बटाटा कडकन आवाज करून दुभंगला. धार कितीही तेज असली, तरी पाठीकडून धारेपर्यंत पाते पुरेसे निमुळते झालेले नसेल, तर ते पाचरीसारखेच वागते. पाठीवरच्या त्या दात्यांनी एकही फांदी कापली गेली नाही. म्यानाची शिवण मात्र उसवली.

ज्या घराच्या अंगणात आमचा तंबू होता, तेथील काकांच्या कमरेला मागे आकडी होती आणि तिच्यात कोयता अडकवलेला होता. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला आणि पाणी पाजलेला तो कोयता लाकूड तोडणे, काटेरी झुडूप छाटणे, नारळ सोलणे ही सारी कामे इतक्या सहजपणे करत होता की माझ्या सुरीचे वजन मला तेव्हाच जाणवले. सह्याद्रीत जड कामाचे हत्यार गावोगावी आहेच. सुरीने उरलेली बारीक कामे करावीत. त्यासाठी चार इंचांच्या आसपासचे आणि अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे पाते पुरते, असे माझे मत तेव्हा बनले आणि आजही ते तसेच आहे.

पोलादाच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार आधी करावा. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, आग पेटवताना ठिणगीही चांगली पडते, म्हणून परदेशी मंडळी त्याची भरभरून स्तुती करतात. परंतु जुलैमध्ये घाटमाथ्यावर दोन रात्री काढल्या आणि मधे कैरी किंवा लिंबू चिरले, की पात्यावर नारिंगी ठिपके उमटलेच. स्वीडनमधील मोरा गावच्या साध्या सुऱ्यांत वापरले जाणारे 12सी27 हे स्टेनलेस पोलाद मला आपल्याकडे अधिक सोयीचे वाटते, कारण त्यातील साडेतेरा टक्के क्रोमियममुळे गंज लांब राहतो आणि कार्बन सुमारे 0.6 टक्केच असल्याने घरच्या दगडावर धारही लावता येते. या सुऱ्यांची धार दोन्ही बाजूंनी एकेका रुंद, सपाट उतारात येते. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप साधतो. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही.

पात्याचे पोलाद मुठीच्या आतून तिच्या टोकापर्यंत गेलेले हवे की नाही, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सुरीच्या पाठीवर लाकडाने ठोकून ओंडके फोडायचे असतील तर ते जरूर हवे. मी ते काम कोयत्यावर सोडले असल्यामुळे मला त्याची गरज पडलेली नाही.

टोकाच्या आकाराचा उगम मात्र शिकारीत आहे. पाठीकडून हळूहळू उतरत खाली येणारे टोक अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेस यांनी लोकप्रिय केले. हरणाचे पोट उघडताना टोक वर उचललेले असेल तर आतडे फुटून मांस खराब होण्याची भीती असते. उतरत्या टोकाने ती कमी होते आणि धारेचा फुगीर भाग कातडे सोडवायला उपयोगी पडतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पोटाचे कातडे चिरण्याच्या आकड्यासह विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. उतरते टोक मात्र मासे साफ करतानाही बरे पडते.

कायद्याची आणखी एक बाजू आहे. शस्त्र अधिनियम, 1959 खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेतीच्या वा तत्सम कामाचे सोडून, शस्त्रांच्या यादीत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असताना लहान चाकूही अंगावर बाळगणे अडचणीचे ठरू शकते. मी सुरी म्यानासकट पिशवीच्या तळाशी ठेवतो आणि मुक्कामावर पोहोचल्यावरच बाहेर काढतो.

म्यान चामड्याचे घेऊ नये. दिसायला देखणे असले, तरी पावसाळ्यात ते ओल धरते, त्यावर बुरशी येते आणि आतले पाते गुपचूप गंजते. तळाला भोक असलेले प्लास्टिकचे म्यान कुरूप दिसते. पण त्यातून पाणी निथळून जाते. दुकानात शक्य असेल तर ओल्या हाताने मूठ घट्ट धरून पाहावी आणि बोटे पात्याकडे घसरत असतील तर ती सुरी, पाते कितीही उत्तम असले तरी, तिथेच ठेवून यावे.