भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट : कर्ज, टीडीएस आणि कराचा माझा अनुभव

राहतं घर असताना नागपूरच्या मनीषनगर भागात भाड्याने देण्यासाठी आम्ही नवरा-बायकोने जुना, म्हणजे रीसेलचा फ्लॅट घेतला. व्यवहार २०२५-२६ या आर्थिक वर्षातला. त्यामुळे खाली दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्याच्या वेळचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि त्यात क्रमांक बदलले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत : किंमत ५२ लाख, कर्ज ४० लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं.

फ्लॅट कोणाच्या नावावर घ्यायचा हे इसारपत्राच्या आधीच ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. खरेदीदार फक्त महिला असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ५२ लाखांवर ती ५२,००० होते आणि एजंट पहिल्यांदा तेच सुचवतो. पण ही सवलत एकदाच मिळते, व्याजाची वजावट दरवर्षी. ती मिळायला त्या व्यक्तीचं नाव विक्रीपत्रातही हवं आणि कर्जातही. पत्नीला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि पैसे पतीने दिले असतील, तर भाडं पतीच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. आम्ही दोघं नोकरदार, म्हणून दोघांची नावं घातली आणि विक्रीपत्रात प्रत्येकी ५० टक्के हिस्सा स्पष्ट लिहून घेतला. हप्ता ज्या संयुक्त खात्यातून जातो, त्यात दोघांचे निम्मे-निम्मे पैसे जातील अशी सोय केली.

बँक किती कर्ज देऊ शकते याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे : ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या किमतीत धरत नाहीत. बँकेच्या मूल्यांकनकाराचा आकडा करारापेक्षा कमी आला तर बँक कमी आकडाच धरते. मुद्रांक शुल्काचा एकूण दर मूळ शुल्क आणि अधिभार मिळून जागेप्रमाणे ठरतो, म्हणून चलन भरण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. नोंदणी फी १ टक्का असते, पण जास्तीत जास्त ३०,०००. वकील आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क वेगळं. सगळं मिळून स्वतःच्या खिशातले साधारण १६ लाख तयार ठेवायला लागतात. कर्जाच्या कागदांत विम्याचा हप्ता घातलेला असतो. तो घेण्याची सक्ती नाही, नको असेल तर तसं लेखी द्या.

नागपुरात कर्ज अडतं ते पगारापेक्षा जमिनीच्या कागदावर. बँकेचा वकील आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा नगर भूमापनाचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकीची सलग साखळी मागतो. इमारत जुन्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटच्या) ले-आउटवर असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे ‘आरएल’ लागतं. विकास शुल्काची नुसती डिमांड नोट किंवा पावती दाखवून काम होत नाही. जमीन नासुप्रच्या किंवा नझूलच्या (सरकारी जागेच्या) लीजवर असेल तर लीजचं नूतनीकरण झालं आहे का आणि हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे इसार देण्याआधीच बघा. इसारपत्रात एक ओळ मी आवर्जून घालायला सांगीन : कागदांतल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. इसार बँकेतूनच द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे विक्रेत्याला सांगितलं की रोखीचा आग्रह बहुधा थांबतो.

किंमत ठरवताना रेडी रेकनरचा आकडा, म्हणजे सरकारी दराने येणारं मुद्रांक मूल्य, हेही समोर ठेवा. मुद्रांक मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त (आणि ५०,००० हून जास्त) असेल, तर मधला पूर्ण फरक खरेदीदाराचं उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. स्वस्तात मिळालेल्या फ्लॅटवर ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते.

टीडीएसची, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून कर कापून सरकारकडे भरण्याची पायरी बँकेच्या वेळापत्रकाशी जुळवावी लागते. किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर दोहोंपैकी मोठ्या रकमेवर १ टक्का, तोही ५० लाखांच्या वरच्या भागावर नाही, पूर्ण रकमेवर. आपला हिस्सा २६ लाखांचाच म्हणून सुटका नाही : १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या खरेदीदारांची मिळून रक्कम बघतात. फॉर्म २६क्यूबी प्रत्येक खरेदीदार आणि विक्रेत्याच्या जोडीसाठी वेगळा. आमचे दोन झाले, प्रत्येकी २६,००० चे. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, दोन्ही बाजूंचा पॅन पुरतो, पण विक्रेता अनिवासी असेल तर नियमच वेगळे, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचं आणि मग विक्रेत्याला फॉर्म १६बी, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा. बँक कर्जाचा चेक थेट विक्रेत्याच्या नावे काढते, म्हणून हे ५२,००० आपल्या हिश्शाच्या पैशांतून कापा आणि चलन बँकेत जमा करा. उलट क्रमाने गेलात तर विक्रेत्याच्या हाती पूर्ण रक्कम पडते आणि कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

आता कर. हप्ता सुमारे ३४,७००, पहिल्या पूर्ण वर्षाचं व्याज सुमारे ३,३७,०००. भाडं महिन्याला १४,०००, म्हणजे वर्षाचं १,६८,०००. त्यातून मनपाचा मालमत्ता कर ९,००० वजा, पण तो मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा. उरलेल्या १,५९,००० वर ३० टक्के सरसकट वजावट ४७,७००, राहिले १,११,३००. व्याज वजा करता २,२५,७०० चा तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत घराचा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वळता करता येतो, उरलेला पुढची ८ वर्षं फक्त घराच्या उत्पन्नातून. एकाच्या नावावर असता तर २५,७०० अडकले असते. दोघांत प्रत्येकी १,१२,८५० येतात आणि पूर्ण तोटा त्याच वर्षी वळता होतो. ३० टक्क्यांच्या गटात उपकरासह ही बचत साधारण ७०,००० ची.

नव्या पद्धतीत चित्र बदलतं. भाड्यावरचा कर व्याजामुळे शून्य होतो, पण तोटा पगारातून वजा होत नाही. १२ लाखांपर्यंत पगारी उत्पन्न असणाऱ्याला नव्या पद्धतीत करच लागत नाही, तेव्हा त्याने घराच्या तोट्यासाठी जुनी पद्धत धरून ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही पद्धतींचा हिशेब मालकागणिक वेगळा मांडा, नवरा एका पद्धतीत आणि बायको दुसऱ्या पद्धतीत असू शकतात. आणि माझं स्पष्ट मत : दर महिन्याला हप्ता आणि भाडं यांतले २०,७०० पगारातून जाणारच आहेत, करबचत त्यातला थोडाच भाग भरून काढते. तेवढी ओढ सहन होत नसेल तर करासाठी म्हणून फ्लॅट घेऊ नये.

भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. ११ महिन्यांच्या करारावर मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे या भाड्याला चारशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,०००. देखभाल खर्च भाड्यात मिसळू नका, भाडेकरूने तो परस्पर भरावा असं करारात लिहा. मिसळला तर तो तुमच्या भाड्यात धरला जाऊ शकतो आणि वेगळी वजावट मिळत नाही, ३० टक्क्यांतच तो धरलेला असतो.

विक्रीचा विचारही फाइलमध्ये आजच ठेवा. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के दर, महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. वजावट घेतलेलं व्याज खरेदीखर्चात पुन्हा धरता येत नाही. जुन्या पद्धतीत ८०सी खाली मुद्दल किंवा मुद्रांक शुल्क दाखवलं असेल, तर ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांच्या आत विकल्यावर ती वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत येते. विक्रीपत्र, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मुद्रांकाचं चलन आणि कायमस्वरूपी सुधारणांची बिलं जपा. तरत्या दराच्या कर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. कर्ज संपल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत, तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. म्हणून कागद जमा करताना त्यांची यादी सही-शिक्क्यासह मागून घ्या.