पेडण्याची कविता आणि तिचे शब्द

घाटावरच्या वाचकाला ‘सडा’ हा शब्द वाचला की अंगणात शिंपडलेले शेणपाणी किंवा पारिजातकाची फुले आठवतात. गोव्यातल्या आमच्या पेडण्यात सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि इवलीशी रानफुले येतात, आणि शिमगा सरला की तो असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथून प्रवासी विमाने उडू लागली. त्या सुमारास आमच्या ओळखीतल्या लिहित्या माणसांच्या वह्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. अंगणातला सडा आणि डोंगरावरचा सडा हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत खेळवण्याची सोय ज्या बोलीत आहे, त्या बोलीतल्या माणसाला ती ओळ सुचते. बाहेरून येऊन पेडण्यावर लिहिणाऱ्याला ती सुचणे अवघड आहे.

पेडणे हे लहान गाव आहे. तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, मध्ये काजूचे डोंगर आणि भातशेती. जवळच विर्नोडा येथे सरकारी महाविद्यालय आहे आणि त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. एका कवीचे नाव फाटकावर वाचत मुले रोज वर्गात जातात, ही गोष्ट मला मोलाची वाटते. सोहिरोबानाथांचा जन्म १७१४ चा, बांद्याचा. घराणे मूळचे आमच्या तालुक्यातील पालये गावचे. त्यांच्या आयुष्यात बहुतेक काळ पेडणे सावंतवाडीकरांकडे होते आणि ते पोर्तुगिजांकडे गेले १७८८ मध्ये, म्हणजे बांदा आणि पालये यांच्यामध्ये आज जी राज्याची सीमा आहे ती त्यांच्या कवितेला ठाऊकच नव्हती. ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ हे त्यांचे पद येथे शिकवावे लागत नाही. भजनी सप्ताहात ते लहानपणीच कानावर पडते आणि वृत्त म्हणजे काय हे कळण्यापूर्वी त्याची लय अंगात मुरते.

येथील कवितेचा कान भजनाने, आरत्यांनी आणि रात्रभर चालणाऱ्या दशावताराने घडवला आहे. म्हणून आमच्याकडचा कवी कविता आधी म्हणून पाहतो आणि मग लिहितो. आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सोप्यावर बसतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक काजू बागायतदार आहेत, कदंब बसचे एक वाहक आहेत आणि महाविद्यालयातली दोन-तीन मुले आहेत. घरी आम्ही सगळे कोंकणी बोलतो आणि लिहितो बहुतेक मराठीत. काही जण दोन्हीत लिहितात. यात कोणाला ओढाताण वाटत नाही. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिले. वेऱ्याचे शंकर रामाणी मराठी कवी म्हणून ओळखले गेले आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना कोंकणी संग्रहासाठी मिळाला.

बोरकरांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. गोव्याच्या भूमीवरची त्यांची ती प्रसिद्ध कविता आम्हां सर्वांच्या इतकी तोंडी बसली आहे की नवा कवी लिहायला बसला की माड, चांदणे आणि निळी नदी आपोआप वहीत उतरतात. अशा कविता मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत. त्या वाईट नसतात, पण त्यांत त्या माणसाचे स्वतःचे काहीच नसते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने काजूवर कविता वाचली. तिच्या कवितेतली आई फांदी वाकवून पिकलेले बोंडू तोडत होती. वाचन संपल्यावर सगळे वाहवा म्हणाले, पण बागायतदार गप्प राहिले आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “बाय, बोंडू कोणी तोडत नाही. तो पिकून आपला आपण पडतो आणि मग वेचतात. कच्चा तोडला तर निऱ्याला गोडी येत नाही.” निरा म्हणजे बोंडूचा रस. ती पोर ओशाळली. पुढच्या बैठकीला तिने ओळ बदलून आणली. आता कवितेतली आई दिवसभर वाकून पाचोळ्यातून बोंडू वेचते, संध्याकाळी तिला ताठ उभे राहता येत नाही, आणि पहिल्या खर्ड्यात नसलेली तिची पाठ आता सगळ्या कवितेत दुखत राहते. एका क्रियापदाने हे केले. मी इतकी वर्षे शाळेत मराठी शिकवली, पण कवितेची इतकी नेमकी समीक्षा मला करता आली नव्हती.

माझ्या स्वतःच्या संग्रहाच्या वेळी मात्र उलटे घडले. वडिलांवरच्या कवितेत मी ‘वायंगणाच्या तरव्यात बाबांची सावली’ अशी ओळ लिहिली होती. आमच्याकडे पावसाळी भातशेतीला सरद म्हणतात, आणि पाऊस गेल्यावर व्हाळाचे पाणी अडवून थंडीत जे दुसरे पीक काढतात त्याला वायंगण. तरवा म्हणजे लावणीपूर्वीची भाताची कोवळी रोपे. छापून आलेल्या पुस्तकात मला ‘रब्बीच्या रोपांत बाबांची सावली’ असे वाचायला मिळाले. मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांनी वाचकाच्या सोयीसाठी म्हणून तो बदल केला होता आणि मला विचारले नव्हते. रब्बी हा शब्द अर्थाने चुकीचा नाही, पण तो वाचला की डोळ्यांसमोर ज्वारी आणि गहू उभा राहतो. माझे वडील डिसेंबरच्या पहाटे घोटाभर गार पाण्यात उभे राहत, आणि ते पाणी त्या शब्दात नाही. मला त्या रात्री खरोखर रडू आले.

आमच्याकडे बहुतेक संग्रह स्वखर्चाने निघतात, त्यामुळे दुसऱ्या छपाईचा प्रश्नच नव्हता. माझ्या तीनशे प्रती पडवीत गठ्ठ्यांनी पडल्या होत्या. त्यांतली एकेक प्रत उघडून मी एकेचाळिसाव्या पानावरचे ते दोन शब्द निळ्या शाईने खोडले आणि वर मूळचे लिहिले. या कामाला चौदा संध्याकाळ लागल्या. शेवटच्या काही प्रतींवर आईने लिहिले, कारण माझा हात भरून आला होता. तिचे अक्षर जुन्या शाळेचे, गोल आणि मोठे आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिलेली प्रत तिच्या हातची आहे.