जवळपास पाच मिनिटं शांतता आणि मग चहा

आषाढीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. ठाण्यात नौपाड्यात आमचा स्टुडिओ आहे, स्टुडिओ म्हणजे काय तर जुन्या बिल्डिंगमधली एक खोली, भिंतीला फोम आणि खिडकीला गादी. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका भजनी मंडळाचा अभंग रेकॉर्ड केला होता, चाल बुवांचीच, मिक्सिंग वगैरे सगळं उरकलेलं, फक्त एक्सपोर्ट करून पाठवायचं बाकी होतं. रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस, मी रीपरमध्ये, म्हणजे आमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर मारलं (सगळे ट्रॅक मिळून एक फाइल बनवायची), व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून टाकलं आणि झोपलो.

सकाळी सहाला बुवांचा फोन. "अरे राजा, गाणं झकास झालंय रे, पण शेवटी तू चहा कशाला मागतोयस?"

मला आधी कळेचना. फाइल उघडून बघतो तर 9 मिनिटं 40 सेकंद! गाणं 4 मिनिटं 48 सेकंदांचं, त्याच्यापुढे नुसतं सामसूम, आणि अगदी टोकाला माझाच आवाज, "चहा सांगितला का रे?" माईक टेस्ट करतानाचा दोन सेकंदांचा तुकडा टाइमलाइनवर पार उजवीकडे पडून राहिला होता, मी झूम करून काम करत होतो म्हणून दिसलाच नाही, आणि रेंडरला 'एंटायर प्रोजेक्ट' ठेवलं की रीपर शेवटच्या तुकड्यापर्यंत जातो, मधे काही वाजतंय का याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. खरंतर साइझवरूनच कळायला हवं होतं. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह म्हणजे मिनिटाला साधारण 16 एमबी, म्हणजे फाइल 76 च्या आसपास हवी, मी पाठवली 150 च्या वर. झोपेत कोण बघतो.

बुवा म्हणाले मीच येतो पेनड्राइव्ह घेऊन, आठला देवळात लावायचंय. आता शहाण्या माणसाने प्रोजेक्ट उघडून नीट रेंडर केलं असतं. मी घाईत तीच फाइल ऑडॅसिटी नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली, चहा उडवला, सगळं सिलेक्ट केलं आणि शांत जागा आपोआप छाटणारं ट्रंकेट सायलेन्स मारलं, सेटिंग न बघता. फाइल झाली 4:39. नऊ सेकंद कुठे गेले हा प्रश्न मला पडायला हवा होता, पडला नाही.

बुवा आले, छत्री दाराबाहेर ठेवली, खुर्चीत बसून मांडीवर ठेका धरला. सुरुवातीलाच कपाळाला आठी, पण बोलले नाहीत. तिसऱ्या अंतऱ्यानंतर पखवाज आणि टाळ दोन मात्रा थांबतात आणि मग समेवर सगळे एकदम येतात, अख्ख्या चालीतली त्यांची लाडकी जागा ती. तिथे बुवांचा हात हवेत गेला आणि मांडीवर यायच्या आतच सम येऊन गेली.

"माझ्या दोन मात्रा कुठे गेल्या?"

मग सेटिंग बघितलं. उंबरठा उणे 20 डेसिबल, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ आवाज त्याच्या खाली राहिला की ते 'सायलेन्स', आणि ते कापून अर्धा सेकंद करायचं. 80 च्या लयीत दोन मात्रा म्हणजे दीड सेकंद, त्यातला एक गेला. सुरुवातीला चार सेकंद एकटा तानपुरा होता, हळू, त्याचा अर्धा सेकंद उरला. आणि शेवटी टाळाची आस, सहाएक सेकंद विरत जाणारी, ती तर कचकन तुटलेली. सॉफ्टवेअरची चूक नाही हो, लेक्चरच्या रेकॉर्डिंगमधली रिकामी जागा काढायला ते मस्त आहे, मी ते अभंगावर चालवलं. आणि तसंही ठाण्यातली खरी शांतता 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी आली तेव्हाच संपली, आमच्या प्रत्येक ट्रॅकखाली बारीक घरघर असतेच, त्यामुळे उंबरठा कितीही ठेवा, काहीतरी गडबड होणारच.

परत रीपर. तो आगाऊ तुकडा डिलीट, टाइम सिलेक्शन हाताने लावलं, रेंडरच्या बाउंड्स, म्हणजे कुठून कुठपर्यंत, पण तेच. गाण्याच्या आधी 200 मिलिसेकंद मोकळे सोडले, कारण काही ब्लूटूथ स्पीकर झोपेतून उठेपर्यंत पहिला सूरच गिळतात. शेवटासाठी हेडफोनचा आवाज वाढवून डोळे मिटून बसलो. शेवटचा तुकडा संपतो तिथे सिलेक्शन थांबवलं असतं तर रिव्हर्बची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची, शेपटी तुटली असती, म्हणून ग्राफमध्ये रेघ सपाट दिसायला लागल्यावरही थांबलो नाही. बुवांना दुसरा हेडफोन दिला होता, ते बोट वर करून बसले होते, आस पूर्ण विरली तेव्हा बोट खाली. तिथे छोटा फेड आउट देऊन रेंडर. 4:48. साडेसातला पेनड्राइव्ह हातात.

संध्याकाळी देवळात गेलो तर पखवाजवाले काका लांबूनच ओरडले, "चहा सांगितला का रे?" मंडळाच्या ग्रुपवर अजून पहिलीच फाइल फिरतेय.