खर्रा नाही, बिडी नाही, मग काय?

मोठेबाबांना, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना, लघवीतून रक्त जाऊन राहिलं होतं तेव्हा पहिले दोन महिने घरात कोणी मनावरच घेतलं नाही. एक तर दुखत काही नव्हतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात असलं काही झालं की "तुम्ही पाणीच पित नाही ना" एवढ्यावर विषय संपतो. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मग सोनोग्राफी, दुर्बीण, बायोप्सी, आणि मग कळलं की मूत्राशयाचा कॅन्सर आहे.

आता आपल्याकडे कोणाला कॅन्सर झाला म्हटलं की भेटायला आलेला माणूस पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी एकच विचारतो, खर्रा (चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी) खायचे का? मोठेबाबांनी उभ्या आयुष्यात खर्रा तोंडात टाकला नाही. बिडी ओढायचे, पण ती सोडून पंधरा वर्षं झाली. हे सांगितलं की समोरचा मान हलवतो, "हाव, मग बिडीच." झालं, केस बंद. (खर्रा वाईटच आहे, त्याची वकिली करून नाही राहिलो मी.)

पण हा माणूस पस्तीस वर्षं नागपूरजवळच्या वाडीला ट्रकच्या बॉडीला रंग मारत होता हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. एका शिकाऊ डॉक्टरनं सहज विचारलं, बाबा काम काय करायचे? तेव्हा ट्यूब पेटली.

लहानपणी मी डबा द्यायला जायचो तिथे. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर अर्धं खाली, त्याच कारणानं कूलर-पंखा बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कंप्रेसरची घरघर आणि गनमधून उडणारा रंगाचा धुरळा. तोंडाला दुपट्टा. दुपट्ट्यानं धूळ अडते हो थोडीफार, थिनरची वाफ कशी अडणार, त्याला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो आणि तो तिथे कोणी पाहिलाही नव्हता. वरून उन्हामुळे थिनर अजूनच झपाट्यानं उडायचं. काम संपलं की हात कोपरापर्यंत थिनरनंच धुवायचे, म्हणजे नाकातून गेलं ते गेलंच, कातडीतूनही आत. मग गुळाचा खडा, कारण गूळ खाल्ला की छातीतलं सगळं साफ होते असं उस्तादांनी सांगितलेलं. काही साफ होत नाही गुळानं.

वाचत गेलो तर ही गोष्ट लय जुनी निघाली. १८९५ मध्ये जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जननं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे दाखवलं होतं. त्यामागचा दोषी पुढे सापडला, ॲरोमॅटिक अमाइन जातीची रसायनं. श्वासातून, कातडीतून आत जातात, लिव्हर त्यांची मोडतोड करते, किडनी गाळून लघवीत टाकते, आणि लघवी तासन्‌तास जिथे साठून राहते त्या पिशवीच्या अस्तराला ती चिकटून बसतात. मग वीस-तीस वर्षांनी उगवते. तोवर माणूस रिटायर, मालक बदललेला, वर्कशॉपच्या जागी गोडाऊन.

डब्ल्यूएचओची आयएआरसी म्हणून कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, तिनं तर पेंटरचा धंदाच ग्रुप १ मध्ये टाकलाय, म्हणजे यानं माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का, फुफ्फुसाचा आणि मूत्राशयाचा. रंगातल्या नेमक्या एका घटकावर बोट त्यांनीही ठेवलेलं नाही. त्याच ग्रुपमध्ये बेन्झिन आहे (त्याचा रोख बोनमॅरोवर, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर), डिझेलचा धूर २०१२ पासून आहे, वेल्डिंगचा धूर २०१७ पासून. म्हणजे वाडी, हिंगणा, बुटीबोरी, कुठेही चक्कर मारा, रांगेनं हेच धंदे. ग्रुप १ म्हणजे प्रत्येकाला होणारच असं नाही, किती वर्षं आणि किती जवळून यावर सगळं असतं.

आणि गंमत पहा, बिडी-सिगारेटच्या धुरातही हीच ॲरोमॅटिक अमाइन असतात! म्हणजे आमच्या घरी "बिडीनं झालं" विरुद्ध "रंगानं झालं" असं जे भांडण चालू आहे, ते एकाच माठात दोन नळांतून आलेलं पाणी कोणत्या नळाचं असं विचारण्यासारखं आहे. एका माणसापुरतं ते कोणीच सांगू शकत नाही. पण मग आमच्या मोठी आईनं पंधरा वर्षं नुसत्या बिडीवरून त्यांना टोमणे काऊन मारले?

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कामामुळे झालेला कॅन्सर सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता बरं का (तो कायदा २०२५ पर्यंत होता). पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तर लागू व्हायचा, आणि इथे उस्ताद धरून सहा पोट्टे.

सध्या बीसीजी चालू आहे, टीबीची तीच लस, ती नळीनं मूत्राशयात सोडतात, आणि दर तीन महिन्यांनी दुर्बीण. मागच्या खेपेला हॉस्पिटलचं कार्ड नवीन करायचं होतं. खिडकीतल्या पोरानं विचारलं, धंदा? मी म्हटलं पेंटर, ट्रक पेंटर, तेवढं नीट लिहा. त्यानं कॉम्प्युटरवर वर-खाली पाहिलं. "पेंटर नाही येत यात. शेती, नोकरी, मजुरी, इतर."

मोठेबाबा मागून म्हणाले, "इतर टाक बाबा, मांगं लाइन लागली आहे."