तेरीज जुळली होती, तरीही

बी.कॉम.ला अकाउंट्स सगळेच घेतात. मी सोबत स्टॅटिस्टिक्स घेतलं म्हटल्यावर कट्ट्यावरची मैत्रीण म्हणाली, "डोकं फिरलंय का बे तुझं?" मला वाटलं होतं, दोन्हीकडे आकडेच तर आहेत, एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडेल. पहिलं दीड वर्ष नेमकं उलटं झालं.

अकाउंट्सनं मला एक रुपयाही सोडायचा नाही असं शिकवलं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. ती जुळली नाही की फरक आधी नऊनं भागून बघायचा. 480 च्या जागी 840 लिहिलं, तर फरक 360 येतो आणि त्याला नऊनं नि:शेष भाग जातो. म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता. नसेल तर फरकाची निम्मी रक्कम खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत शोधायची, नावेची नोंद जमेला गेली असेल. ही नऊची गंमत ऐकली तेव्हा मला देवळालीचे कापरेकर गुरुजी आठवले, शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळणारे गणिती. त्यांचा 6174 सुद्धा चार अंकी संख्येचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून पुन्हा पुन्हा वजाबाकी करतच निघतो, आणि त्यालाही नऊनं भाग जातो.

रात्री अकरा वाजता मी फरक शोधत बसलेली असायची आणि शेजारी आई विड्या वळत असायची. "एका रुपयासाठी एवढं काय जागालीस गं?"

आणि दुसऱ्या दिवशी स्टॅटिस्टिक्सच्या तासाला सर म्हणायचे, चूक राहणारच, किती राहील ते सांगा! मला ते पटायचंच नाही. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य येते हे कळल्यावर मात्र बरं वाटलं. चला, इथेही नावे-जमा जुळतात! पण ती नेहमीच शून्य येते, म्हणून तिच्यावरून काहीच कळत नाही आणि फरकांचे वर्ग करावे लागतात, हे डोक्यात शिरेपर्यंत पहिली परीक्षा होऊन गेली होती. त्या पेपरात नापास झाले. मराठी माध्यमातून आल्यामुळे निम्मा वेळ प्रश्न समजून घेण्यातच गेला, हेही खरं.

नमुना निवड मात्र मी पुस्तकातून शिकले नाही. आई विड्या जमा करायला जायची तेव्हा तपासणारा माणूस ढिगातल्या चार-पाच जुड्या उचलून बघायचा. त्यात खराब निघाल्या की सगळ्या मालात छाट धरायचा, म्हणजे तेवढ्या विड्या बाद. तो वरच्याच जुड्या उचलतो हे ओळखून आई चांगल्या जुड्या वर रचायची. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं आणि तो हात खोल घालायला लागला. प्रत्येक जुडीला उचललं जाण्याची सारखी संधी का हवी, यावर मी परीक्षेत दीड पान लिहिलं. आईचं नाव तेवढं लिहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कर सल्लागाराकडे दुपारी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करायला जायचे. तिथे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वही होती. कॉस्टिंगमध्ये तेव्हा अर्धस्थिर खर्च चालू होता. बिलाचा काही भाग यंत्रमाग बंद असले तरी लागतो आणि काही उत्पादनाबरोबर वाढतो. ते वेगळे काढायला पुस्तकात सोपी रीत आहे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उत्पादनाचे दोन महिने घ्यायचे, बिलांतल्या फरकाला उत्पादनातल्या फरकानं भागायचं. बाकीचे दहा महिने फेकून द्यायचे. हे मला चालेना. मग बारा महिन्यांची विजेची बिलं आणि टॉवेलचे किलो घेतले आणि रिग्रेशनची, म्हणजे सगळ्या बिंदूंना मिळून सर्वांत जवळची पडणारी रेषा काढली.

दहा बिंदू रेषेच्या आसपास आले. एप्रिल बराच खाली होता, आणि तो जितका खाली, जवळजवळ तितकाच मे वर.

पूर्वीची मी असते तर बेरीज पुन्हा तपासली असती. पण बेरजेत चूक नव्हतीच, तेरीज पैशापर्यंत जुळलेली होती. मी व्हाउचरची फाइल काढली. एप्रिलचं बिल वेळेत भरलं गेलं नव्हतं आणि एप्रिलमध्ये देणं म्हणूनही धरलं नव्हतं. मेमध्ये दोन्ही बिलं एकदम भरली आणि दोन्ही मेच्याच खर्चात पडली. नावे तितकंच जमा, त्यामुळे तेरजेला त्याचं काहीच वाटलं नाही. कोणत्या महिन्यात बघायचं ते रेषेनं सांगितलं, आणि तिथे काय झालंय ते खतावणीनं. त्या दुपारी मी पहिल्यांदाच दोन्ही वह्या एकाच टेबलावर उघडल्या होत्या.

कारखान्याचे मालक संध्याकाळी आले तेव्हा त्यांना दाखवलं. एप्रिलचा फायदा जास्त दिसला, मेचा तेवढाच कमी, वर्षाचा बरोबर आहे, असं सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

"वर्षाचं ठीक आहे की ओ," ते म्हणाले, "पण पार्टीला वर्षभराचा रेट मी एप्रिलच्याच हिशोबावर दिलाय."

आणि फोन काढून बाहेर गेले.